पॅकेजचा फ्लेक्स नको, पीडीएफ बघा

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात यंदा बारावीचं पोरगं किंवा पोरगी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्या घरात नाही त्यांनी भावकीत, शेजारी पाठवा.

कराडहून साताऱ्याला हायवेनं जाताना दोन्ही बाजूचे फ्लेक्स बघितलेत का? कोट घातलेली हसरी मुलं, खाली लाखांतलं पॅकेज आणि ठळक अक्षरात "१०० टक्के प्लेसमेंट". त्यावर एक गोष्ट कधीच नसते. शिकवायला माणसं किती आहेत, हे नसतं. पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांपैकी चार वर्षांत पास होऊन बाहेर किती पडली, हेही नसतं.

आपण म्हैस घ्यायला बाजारात गेलो तर दोन वेळची धार काढून बघतो, दात बघतो, चार जणांना विचारतो. आणि पोराच्या चार वर्षांचा, आठ-दहा लाखांचा व्यवहार मात्र गेट, बिल्डिंग आणि "पाहुण्यांचा मुलगा तिथंच आहे" एवढ्यावर उरकतो. माझं म्हणणं सरळ आहे. आपण विचारत नाही म्हणून कॉलेजं सांगत नाहीत. आपण फ्लेक्स बघतो म्हणून पैसा लॅबवर न जाता फ्लेक्सवर जातो. याला फक्त संस्थाचालक जबाबदार नाहीत, गिऱ्हाईक म्हणून आपणही आहोत.

उदाहरणं मी जास्त इंजिनिअरिंगची देतोय, कारण घरातला पैसा तिथंच जास्त अडकतो. पण बीएस्सी, बीकॉम, फार्मसी, बीसीए, कुठलंही घ्या, प्रश्न हेच आहेत.

प्लेसमेंटचा खरा आकडा कुठं मिळतो?

फ्लेक्सवरचं पॅकेज एका मुलाचं असतं. तुमचं पोरगं तो एक मुलगा असेलच असं नाही. तुम्हाला माहीत हवा तो मधल्या मुलाचा पगार. नोकरी लागलेली १०१ मुलं पगाराच्या क्रमानं ओळीत उभी केली तर ५१ व्या मुलाला किती मिळतात? त्याला मिडियन म्हणतात.

हा आकडा सापडतो. केंद्र सरकारची एनआयआरएफ नावाची क्रमवारी २०१६ पासून निघते. जी कॉलेजं त्यात भाग घेतात त्यांना सरकारला दिलेली माहिती स्वतःच्या वेबसाइटवरही ठेवावी लागते. वेबसाइटवर "एनआयआरएफ" असं लिहिलेलं शोधा, पीडीएफ उघडा. त्यात वर्षवार तक्ता असतो: पहिल्या वर्षाला किती घेतले, ठरलेल्या मुदतीत किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मिडियन पगार किती, पुढं शिकायला किती गेले. क्रमवारीत नंबर कितवा आला ते सोडून द्या, हा तक्ता वाचा. फ्लेक्सवर १०० टक्के आणि तक्त्यात भरती झालेल्या ३०० पैकी ९० ला नोकरी असं दिसलं, तर काय समजायचं ते समजा. कॉलेजनं भागच घेतला नसेल तर ऑफिसात जाऊन हेच आकडे लेखी मागा. देत नसतील तर तेही एक उत्तरच झालं.

आणखी एक. "नॅक ए प्लस" हा शिक्का सगळ्या संस्थेला मिळतो. "एनबीए" मात्र एकेका कोर्सला मिळतं. त्यामुळं कॉलेजला एनबीए आहे असं कुणी सांगितलं की विचारा, कुठल्या ब्रँचला आणि कधीपर्यंत? कधी कधी मेकॅनिकलला असतं आणि तुम्ही प्रवेश घेत असता भलत्याच ब्रँचला.

शिकवणार कोण?

एआयसीटीईच्या निकषानुसार इंजिनिअरिंगला वीस विद्यार्थ्यांमागं एक शिक्षक हवा. साधा हिशोब करा. साठ जागांची एक तुकडी, चार वर्षं, म्हणजे २४० मुलं, म्हणजे बारा शिक्षक. त्या ब्रँचच्या तीन तुकड्या असतील तर छत्तीस.

आता कॉलेजच्या वेबसाइटवर "मँडेटरी डिस्क्लोजर" शोधा. ते ठेवणं बंधनकारक आहे. त्यात शिक्षकांची नावं, शिक्षण, अनुभव, जागा, फी सगळं असतं. नावं मोजा. मग तिथं शिकणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा, कट्ट्यावर नाहीतर चहाच्या टपरीवर. यादी दाखवून विचारा, यातले किती जण खरंच वर्गावर येतात? आणि एक प्रश्न हमखास विचारा: "मागच्या सेमिस्टरला कुठला विषय शिकवायला कुणीच नव्हतं?" या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही माहितीपुस्तिकेत मिळणार नाही.

हे आत्ताच एवढं महत्त्वाचं का? एआयसीटीईनं २०२४-२५ पासून चांगल्या ठरलेल्या कॉलेजांना जागा वाढवण्यावरची कमाल मर्यादा काढली. त्यानंतर कॉम्प्युटर आणि त्याच्या भावंडांच्या, म्हणजे एआय, डेटा सायन्स वगैरेंच्या तुकड्या वाढल्या. जागा एका कागदावर वाढतात. शिक्षक आणि लॅब तशी वाढत नाही. कॉलेजचं जुनं नाव खरं असेल, पण ते नाव दोन तुकड्या असताना झालंय. आज सहा असतील तर नव्यानं चौकशी करायला हवी.

अनुदानित आणि सरकारी कॉलेजांचंही सोंग नको. तिथं फी कमी, जुनी लायब्ररी, जुनी माणसं चांगली. पण प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि बराच भार तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर आहे. तासाप्रमाणे मानधन, तेही वेळेवर नाही, आणि पुढच्या वर्षी आपण असू का याची खात्री नाही. तरी त्यातले कितीतरी जण जीव तोडून शिकवतात. पण मुलाला तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टसाठी, शिफारसपत्रासाठी तेच सर सापडले पाहिजेत ना? म्हणून हा प्रश्न तिथंही विचारायचाच.

पूर्ण खर्च लिहून काढा

फी म्हणजे पहिल्या वर्षाची ट्यूशन फी नव्हे. समजा फी सव्वा लाख आणि हॉस्टेल, मेस, प्रवास, पुस्तकं मिळून वर्षाला एक लाख. चार वर्षांचे नऊ लाख. यातले पाच लाख कर्ज काढले तर शिकत असतानाही व्याजाचा मीटर चालूच असतो. हप्ता नंतर सुरू होतो, व्याज नाही. ही बेरीज एका वहीत, पोराला शेजारी बसवून करा. त्यानंही बघू दे की आपल्या नावावर काय चाललंय. भीती घालायला नाही, निर्णयात त्याचा वाटा असावा म्हणून.

खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. कुठल्या कॉलेजला किती फी मंजूर आहे ते त्यांच्या वेबसाइटवर बघता येतं. त्यापेक्षा जास्त मागितली तर "कशाचे?" असं विचारा आणि पावती मागा. पावती नसलेला पैसा म्हणजे डोनेशन, आणि डोनेशन घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे.

सवलतीही नीट बघा. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबातल्या, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची ट्यूशन आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. बाहेरगावी राहण्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, स्वाधार, स्वयं, आधार अशा वेगवेगळ्या प्रवर्गांच्या योजना आहेत. पोरीचं शिक्षण "फी झेपत नाही" म्हणून जवळच्या कुठल्याही कॉलेजात बीएला टाकून थांबवणाऱ्या घरांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. बीए वाईट नाही. तिला हवं ते न विचारता टाकणं वाईट.

पण यातली गोम लक्षात ठेवा. फीची ही सवलत कॅपमधून, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीतून आलेल्यांना मिळते. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर नाही. इथंच एजंट लोकांचा खेळ असतो. "साहेब, राउंडची वाट बघू नका, सीट संपतील, आत्ता बुक करा." घाईत सीट मिळते आणि चार वर्षांची सवलत जाते. निकालानंतर न मागता ज्याचा फोन येतो, तो तुमच्या पोराच्या काळजीनं करत नाही.

आणि कागदपत्रं. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी, ईडब्ल्यूएस, जे लागू असेल ते मे महिन्याच्या आतच हातात हवं. हुशार पोरांची चांगली सीट पडताळणीच्या एका कागदापायी हुकते. तहसीलमध्ये जूनमध्ये रांग लावण्यापेक्षा फेब्रुवारीत लावा.

पसंतीक्रम कसा लावायचा

दरवर्षी एकच चूक दिसते. "आपल्याला हे मिळणार नाही" म्हणून आवडतं कॉलेज यादीत घालतच नाहीत, किंवा मिळण्यासारखं कॉलेज वर आणि हवं ते खाली. ही यंत्रणा तशी चालत नाही. ती वरून खाली बघत येते आणि तुमच्या गुणवत्तेत बसणारं पहिलं कॉलेज देते. वर एखादं अवघड कॉलेज ठेवलं म्हणून खालच्यावरचा हक्क जात नाही. त्यामुळं यादी कटऑफच्या क्रमानं नको, मनापासून हवं त्या क्रमानं लावा. आणि शेवटी दोन-तीन अशी ठेवा जी नक्की मिळतील.

मात्र २०२५-२६ च्या प्रवेशापासून एक नियम आला. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनमधलं, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहामधलं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणून वरच्या सहा ओळी "बघू मिळतंय का" म्हणून भरायच्या नाहीत. जिथं खरोखर चार वर्षं काढायची तयारी आहे तेच तिथं लिहा. नियम वर्षागणिक बदलतात, तेव्हा यंदाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. नेट कॅफेवाल्यावर सोपवू नका. तो बिचारा दिवसाला पन्नास फॉर्म भरतो. तुमच्या पोरीला केमिकल आवडतं हे त्याला कसं कळणार?

"पण नावाला किंमत असतेच की!"

असते. पुण्याचं सीओईपी १८५४ चं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं. तिथं कंपन्या जातात, वर्गातली मुलं तयारीची असतात, माजी विद्यार्थी जगभर आहेत. तिथं मिळत असेल तर डोळे झाकून जा, आणि पैशामुळं अडत असेल तर गावानं वर्गणी काढावी असं माझं मत आहे. आपल्या कराडचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६० पासून आहे. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकलला तिथं मिळणारी जागा सोडून पुण्याच्या उपनगरात तिप्पट पैसे भरून "कॉम्प्युटर"च हवं म्हणणाऱ्यांनी वरची वही एकदा परत उघडावी.

पण बहुतेक मुलं या टोकाला नसतात. ती मधे असतात. त्यांच्यासमोर साधारण सारख्या कटऑफची सात-आठ कॉलेजं असतात, आणि तिथं नावात फार फरक नसतो. फरक असतो शिकवणाऱ्या माणसांत, लॅबमध्ये, खर्चात आणि रोजच्या प्रवासात. वर सांगितलेले प्रश्न त्या मधल्या पोरांसाठी आहेत.

रोजचा प्रवास हीसुद्धा क्षुल्लक गोष्ट नाही. दोन एसटी बदलून दिवसाचे चार तास जाणारं पोरगं संध्याकाळी वही उघडत नाही. पोरीच्या बाबतीत शेवटची गाडी किती वाजता, स्टँडवरून कॉलेज किती लांब, हॉस्टेलला रात्री जबाबदार बाई असतात का, हे आईनं स्वतः जाऊन बघावं.

प्रवेश झाला. आता?

हे पोरापोरींसाठी. चांगलं कॉलेज मिळून वाया घालवलेली मुलं आहेत आणि साध्या कॉलेजचं सोनं केलेलीही आहेत. दुसऱ्या प्रकारात जायला फार हुशारी लागत नाही, पाच सवयी लागतात.

१. पहिलं वर्ष हलकं घेऊ नका. गणित आणि बेसिक विषय तिथंच राहिले की बॅकलॉग पुढची दोन वर्षं खातो. कंपन्यांच्या मुलाखतीला बसू देण्याआधी मागचे विषय बघितले जातात.

२. लायब्ररीचं कार्ड वापरा. त्याचे पैसे फीमध्ये घेतलेत. लॅबचंही तसंच. प्रॅक्टिकलचं जर्नल सिनिअरचं उतरवून काढलं तर फसवणूक कॉलेजची होत नाही, स्वतःची होते.

३. ज्या विषयाला सर नाहीत तो स्वयम् किंवा एनपीटीईएलवर शिका. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, फक्त परीक्षा द्यायची तर फी. कॉलेजनं मान्य केलं तर त्याचे क्रेडिटही मिळतात. मोबाईल तोच, डेटा तोच.

४. नव्या शैक्षणिक धोरणात इंटर्नशिप, फील्ड प्रोजेक्ट याला क्रेडिट आहेत. आपल्याकडं त्याचं काय होतं? मामाच्या ओळखीनं शिक्का मारलेलं सर्टिफिकेट. असं करू नका. साखर कारखाना, दूध संघ, सहकारी बँक, एमआयडीसीतलं वर्कशॉप, नगरपालिका, सगळं आपल्या शेजारी आहे. एका महिन्यात तिथं जे कळतं ते वर्गात कळत नाही. मुलाखतीत "काय केलंस?" विचारलं की सांगायला काहीतरी खरं असतं.

५. निदान दोन शिक्षक असे करा ज्यांना तुमचं नाव माहीत आहे. तासानंतर शंका विचारा. खेडेगावातून आलेली पोरं इंग्रजीच्या भीतीनं मागच्या बाकावर गप्प बसतात. मराठीत विचारा, पण विचारा. एनएसएस, नाटक, कबड्डी, काहीतरी एक धरा. माणसं तिथंच जोडली जातात.

आणि चुकीच्या ठिकाणी आलोय असं पहिल्या महिन्यातच कळलं तर? यूजीसीच्या २०१८ च्या नियमाप्रमाणं कॉलेजला तुमची मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत. तपासून परत द्यायची असतात. प्रवेश रद्द केला तर प्रवेशाची अंतिम तारीख आणि तुम्ही अर्ज दिल्याची तारीख बघून ठरलेल्या टक्केवारीनं फी परत मिळते. अंतिम तारखेनंतर पंधरा दिवसांच्या आत ८० टक्के, तीस दिवसांच्या आत ५० टक्के, त्यानंतर शून्य. म्हणून निर्णय झाला की तोंडी सांगू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. टोलवाटोलवी करण्यात महिना गेला की पैसे गेले.

शेवटचं, आणि हे आपल्या सगळ्यांचं

कर्मवीर अण्णांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं. पोरांनी श्रम करून शिकावं, गरिबी आडवी येऊ नये, हा विचार होता. त्या जिल्ह्यात आज आपण कॉलेज निवडताना गेटची उंची बघतो, हे बरं दिसत नाही.

माझी मागणी तीन गोष्टींची आहे. एक, प्रत्येक कॉलेजनं गेटवर पॅकेजच्या फ्लेक्सशेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात चार आकडे लावावेत: मंजूर फी, प्रत्यक्ष शिकवणारे शिक्षक, मुदतीत पास झालेल्यांची टक्केवारी आणि मिडियन पगार. दोन, सरकारी आणि अनुदानित कॉलेजांतल्या रिकाम्या जागा भरा, हा प्रश्न निवडणुकीत रस्त्या-गटारीइतकाच जोरात विचारला जावा. गावात सभामंडपाचं उद्घाटन करायला येणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला विचारा, आमच्या तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्सला कायम प्राध्यापक किती? तीन, ग्रामपंचायतीनं नाहीतर तरुण मंडळानं मे महिन्यात एक दिवस शिबिर घ्यावं. एक प्रोजेक्टर, इंटरनेट, गावातली शिकलेली चार पोरं आणि वर सांगितलेल्या पीडीएफ. गणपतीच्या एका दिवसाच्या डीजेपेक्षा स्वस्तात होतं.

तुमच्या पोरानं किंवा पोरीनं जिथं शिक्षण घेतलं त्या कॉलेजचा अनुभव खाली लिहा. चांगला असेल तर नक्की लिहा, कारण चांगल्या कॉलेजांचा फ्लेक्स बहुतेक वेळा छोटा असतो. फक्त ऐकीव लिहू नका. शिक्षक किती, खर्च किती, चार वर्षांत पास झाला का, एवढं लिहिलंत तरी पुष्कळ. गावातल्या पुढच्या घराला त्याचा उपयोग होईल.